पवनी : नदी, परकोट आणि माणसे

शताब्दी अंकाचे काम वाटून घेताना मंडळींनी माझ्याकडे गावाचा इतिहास दिला. दिंडीचा इतिहास याच अंकात दुसऱ्या लेखात येतो आहे, म्हणून मी तिकडे जात नाही. मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. दिंडीत टाळ वाजवणारा माणूस. पण ज्या गावातून शंभर वर्षे पताका निघते, ते गाव काय आहे, कुठे आहे, त्यात माणसे किती आणि कोणती, हे एकदा नीट मांडून ठेवावे असे मलाही वाटत होते. आपली लेकरे आता पुण्याला, नागपूरला, हैदराबादला आहेत. त्यांच्या हाती हा अंक पडला तर त्यांना निदान एवढे तरी कळावे, की आपण कुठल्या मातीतले.

नावाचा घोळ

पहिली गोष्ट नावाची. पंढरपुरात कोणी विचारले, 'माऊली, कुठली दिंडी?' आणि आपण 'पवनी' म्हटले, की समोरचा हमखास म्हणतो, 'हां, विनोबांची!' ती पवनार, वर्धा जिल्ह्यातली, धाम नदीच्या काठची. दुसरी एक पवनी रामटेक तालुक्यात आहे, जबलपूरच्या वाटेवर. आपली पवनी भंडारा जिल्ह्यातली, वैनगंगेच्या काठची. नागपूरहून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, भंडाऱ्याहून पन्नासाच्या आत-बाहेर. तालुक्याचे ठिकाण, नगरपालिकेचे गाव. शहर म्हणायला लहान, खेडे म्हणायला मोठे. आपल्याकडची जुनी माणसे तिला 'पौनी' म्हणतात, इंग्रजांच्या कागदांतही जवळपास तसाच उच्चार आहे.

जागा

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते. बालाघाटवरून वळण घेऊन भंडारा जिल्ह्यात उतरते. वाटेत बावनथडी, सूर, कन्हान अशा नद्या पोटात घेते आणि भरल्या अंगाने पवनीला येते. पुढे चुलबंद मिळते, गाढवी मिळते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरून जाताना वर्धा नदी भेटली की दोघींची मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीत शिरते. म्हणजे आपल्या घाटावर वाहिलेला दिवा, पोचलाच तर, गोदामाईला जाऊन मिळतो. आमची आजी हे इतक्या सहज सांगायची, की लहानपणी आम्हाला पैठण पलीकडच्या वळणावर आहे असेच वाटे. (पैठण वरच्या अंगाला आहे, हे शाळेत गेल्यावर कळले.)

आपला मुलूख झाडीपट्टीचा. भंडारा-गोंदियाला तलावांचा मुलूख म्हणतात ते उगीच नाही. मोठे मालगुजारी तलाव, त्याखाली गावोगावच्या बोड्या, बोडीखाली धानाच्या बांध्या. या तलावांमागे कोहळी समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत आणि अक्कल आहे. पाण्याचा उतार नुसत्या डोळ्यांनी ओळखून पाळ कुठे घालायची हे ठरवणारी ती माणसे. उमरेडच्या बाजूला गेले की जंगल लागते. तिथे आता उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. नागझिऱ्याहून चालत आलेला 'जय' वाघ इथलाच झाला होता. २०१६ नंतर तो कोणाला दिसला नाही. भिवापूरकडे वळले की मिरची, नदीच्या अंगाला धान. काळी, भारी, पाणी धरणारी जमीन. पावसाळ्यात पायातली वहाण चिखलातून निघता निघत नाही.

ही भूगोलाची गोष्ट आपल्या वारीशी फार जवळून बांधलेली आहे. त्याकडे पुढे येतो.

टेकड्यांच्या पोटात

गावाजवळची जगन्नाथ टेकडी सगळ्यांना ठाऊक आहे. वर जगन्नाथाचे देऊळ, खाली विटांचा नि मातीचा उंचवटा. पिढ्यान्‌पिढ्या आपण तिथे दर्शनाला गेलो, गुरे चारली, पोरांनी पतंग उडवले. त्या टेकडीच्या पोटात काय आहे, हे १९६९-७० मध्ये उत्खनन झाले तेव्हा उजेडात आले. नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली हे काम झाले. आत निघाला बौद्ध स्तूप, अडतीस मीटरच्या आसपास व्यासाचा, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा. चांदकापूरच्या टेकडीत दुसरा निघाला, तो याहूनही मोठा. मौर्यकाळाच्या सुमारास सुरुवात आणि पुढे शुंग-सातवाहनांच्या काळात वाढत गेलेले हे काम, असे अभ्यासकांनी ठरवले आहे. म्हणजे दोन हजारांहून जास्त वर्षे झाली. पुढे १९९४ मध्ये हरदोलाला टेकडीवरही सर्वेक्षण विभागाने खोदकाम केले.

स्तूपाभोवती दगडी कठडा होता. त्याच्या खांबांवर आणि आडव्या दगडांवर ब्राह्मी अक्षरे आहेत. एका दगडावर पाच फण्यांचा मुचलिंद नाग आहे आणि त्याचे नावही खाली कोरले आहे. पण मला सगळ्यांत मोलाचे वाटतात ते दान देणाऱ्यांचे लेख. त्यांत राजे नाहीत. साधी माणसे आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवा दगड दिला, आणि त्यावर आपले नाव घातले. विसमिता नावाच्या एका बाईचा लेख त्यात आहे. तिने दान दिले आणि त्यापुढे कोरवून घेतले की हे सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी असो. माऊली, वाचताना अंगावर काटा येतो. पसायदानाच्या दीड हजार वर्षे आधी, आपल्याच नदीकाठी, आपल्याच गावातली एक बाई स्वतःसाठी काही न मागता सगळ्या जिवांसाठी मागते आहे! तिचा नवरा कोण, जात कोणती, घर कुठल्या आळीत, काही कळत नाही. मागणे तेवढे उरले.

त्याच काळाच्या पुढेमागे इथे राजेही होऊन गेले. भगदत्त नावाच्या भार राजाचा पादुका कोरलेला शिलालेख पवनीचा आहे. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या स्मरणाचा छायास्तंभ इथे सापडला. वाकाटकांच्या दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट पवनीत मिळाला. सातवाहन आणि वाकाटक लेखांत येणारा 'बेण्णाकट' हा मुलूख म्हणजे बेण्णा अर्थात वैनगंगेचा काठ, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. एवढ्या घराण्यांची नजर या एका गावावर का? कारण सोपे आहे. नदी ओलांडायची जागा, धानाचा मुलूख, पलीकडे जंगल नि लोखंड, अलीकडे बाजार. जिथे वाट नदीला भेटते तिथे गाव वाढते.

आणखी एक गोष्ट. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा भंडारा जिल्ह्यातली हजारो माणसे पायी, बैलगाडीने, मिळेल त्या वाहनाने तिकडे गेली होती. त्याआधी दोनच वर्षे, १९५४ मध्ये, बाबासाहेब भंडाऱ्याहून लोकसभेची पोटनिवडणूक लढले होते. दीक्षेनंतर तेरा वर्षांनी जगन्नाथ टेकडीत कुदळ पडली आणि आतून स्तूप निघाला. आपल्या बौद्ध बांधवांना त्या दिवशी काय वाटले असेल, याचा विचार आपण वारकऱ्यांनी करावा. ज्या टेकडीकडे आपण जगन्नाथ म्हणून हात जोडत होतो, तिच्या पायाशी त्यांचा तथागत होता. आपल्या संतांनी तर विठ्ठलालाच बौद्ध अवतार म्हटले आहे. मग भांडायचे कशासाठी? तालुक्यात सिंदपुरी-रुयाड इथे आता महासमाधी भूमीचा नवा महास्तूप उभा आहे, देशपरदेशातून माणसे येतात. टेकडी एक, पायऱ्या दोन, एवढेच.

परकोट आणि घाट

गावाला परकोट आहे, म्हणजे तटबंदी. बाहेर खंदक, आत गाव. मूळ मातीचा तट फार जुना, वरचे दगडी काम पुढच्या काळातले. मधल्या काळात गोंडांची सत्ता आली, मग नागपूरकर भोसल्यांची. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, इंग्रजांनी वारस मानला नाही आणि पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा केले. तेव्हापासून भंडारा हा इंग्रजी जिल्हा. मध्यप्रांत, मग मध्यप्रदेश, १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. माणूस त्याच ओसरीवर बसलेला, वरच्या पाट्या बदलत गेल्या. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला आणि भंडारा सात तालुक्यांचा उरला. त्यातली एक पवनी.

भोसल्यांच्या काळात पवनीला खरा बहर आला तो घाटांना आणि देवळांना. दिवाण घाट, घोडेघाट, वैजेश्वराचा घाट. मुरलीधर, नीलकंठ, वैजेश्वर. विदर्भातल्या अष्टविनायकांत ज्याची गणना होते तो पंचमुखी सर्वतोभद्र गणेशही पवनीचा. देवळे इतकी, की लोक पवनीला 'विदर्भाची काशी' म्हणू लागले. अस्थी घेऊन येणारे, पर्वणीचे स्नान करणारे, कार्तिकात दिवे सोडणारे असा माणसांचा राबता बारमाही असे. परकोटाने गाव राखले असे इतिहासाची पुस्तके म्हणतात. मला वाटते, गाव राखले ते घाटांनी. तट शत्रूला थोपवतो. घाट परक्या माणसाला पायऱ्या उतरून आत घेतो, आणि ज्या गावात परका माणूस येतो तिथेच बाजार भरतो, हाताला काम मिळते.

नदीच्या वरच्या अंगाला आंभोरा आहे, पाच नद्यांचा संगम. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु', शके १११० चा, तिथे झाला असे आपल्याकडची परंपरा मानते. अंबेजोगाईकरांचाही तोच दावा आहे, तो वाद विद्वानांनी मिटवावा. आपण एवढेच ध्यानात ठेवू, की ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षे आधी मराठीत ब्रह्मविद्या सांगणारा ग्रंथ झाला आणि त्याचे नाव वैनगंगेशी जोडले गेले आहे. तेव्हा 'झाडीपट्टीत वारकरी कुठून आले?' असे कोणी विचारले, तर गडबडून जायचे कारण नाही.

माणसे किती, कोणती

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

पवनीत जुन्या काळी तीन धंद्यांची माणसे मोठी. नदीवरचे ढीवर, मागावरचे कोष्टी, शेतातले कुणबी-कोहळी. त्यांच्या जोडीला तेली, माळी, सोनार, मुसलमान, गोंड, आजचे बौद्ध, सगळेच. ढिवराच्या डोंग्याशिवाय पलीकडे जाता येत नसे. कोष्ट्याच्या मागावर तलम सुताचे, रेशीमकाठी लुगडे निघे, त्याला दूरवर मागणी होती. एका मागामागे किती हात? बाई रहाटावर कांड्या भरी, म्हातारा ताणा लावी, पोरे सूत सोडवीत. माग एका माणसाचा कधी नव्हताच.

हे सारे दोन गोष्टींनी मोडले. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीचे स्वस्त कापड बाजारात आले. मग नागपूरहून पूर्वेकडे जाणारा मोठा लोहमार्ग झाला, तो भंडाऱ्याच्या बाजूने गेला. पवनी बाजूला पडली. आपल्या वाट्याला पुढे आली ती नागपूर-नागभीडची छोटी रेल्वे, आणि तिच्यावरचे 'पवनी रोड' हे स्टेशन. स्टेशनाच्या नावात 'रोड' असला की समजावे, गाव अजून लांब आहे. तीही छोटी गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. वैनगंगाकाठचे विणकर पोटासाठी नागपूरला गेले, गिरणीत लागले. पुढे २००२ मध्ये एम्प्रेस मिलही बंद पडली. ज्या गिरणीने माग बंद केले, तिचीही चिमणी थंड झाली. आपली माणसे मात्र परत आली नाहीत.

मधल्या काळात दुष्काळ आले. १८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा. सरकारी मोजणीत आजच्या गोंदियासह असलेल्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे ७ लाख ४३ हजार होती, ती १९०१ मध्ये ६ लाख ६३ हजारांवर आली. दहा वर्षांत ऐंशी हजार माणसे कमी! त्यानंतर १९१८ ची मानमोडी. आमचा आजा सांगे, 'एकाले पोचवून याव तं दुसरा तयार राहे.' हे सगळे सोसून जी पिढी उरली, तिने आपली दिंडी उभी केली, हे विसरू नये. शंभर वर्षांपूर्वी खांद्यावर पताका घेणाऱ्यांनी आधी त्याच खांद्यावर काय काय वाहिले होते, ते या आकड्यांत दिसते.

आता गावाचा आकडा. १९०१ च्या मोजणीत पवनीत नऊ हजारांच्या वर माणसे होती. २००१ च्या मोजणीत साडेबावीस हजार. वरवर पाहता वाढ झाली. पण शेजारी लावून पाहू. त्याच शंभर वर्षांत नागपूर सव्वा लाखावरून वीस लाखांवर गेले, म्हणजे सोळा पट. भंडारा गाव चौदा हजारांवरून पंच्याऐंशी हजारांच्या घरात, म्हणजे सहा पट. सगळा देश चोवीस कोटींच्या आसपास होता, तो एकशे दोन कोटींच्या पुढे गेला, चौपटीहून जास्त. आणि पवनी? अडीच पट. देशाच्याच चालीने चालली असती तरी पवनी चाळीस हजारांची असती.

मग ती उरलेली सतरा-अठरा हजार माणसे कुठे गेली? कुठे गेली ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्याच घरातली आहेत. कोणाचा काका गिरणीत गेला तो तिथलाच झाला, कोणाचा भाऊ भिलाईला, कोणाची नात पुण्याच्या कंपनीत. ज्या गावाकडे एके काळी सगळ्या वाटा येत होत्या, तिथून सगळ्या वाटा बाहेर जाऊ लागल्या. पवनीच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासाचे सार माझ्या मते एवढेच आहे.

रोवणी आणि वारी

आता भूगोल वारीशी कसा बांधलेला आहे ते सांगतो. देशावरचा ज्वारी-बाजरीचा शेतकरी पेरणी आटोपतो आणि आषाढीला निघतो. पेरले की पीक आपले आपण वर येते. आपल्या धानाचे तसे नाही. मृगात पऱ्हे टाकायचे, ते वाढले की बांधीत चिखल करायचा आणि मग रोप उपटून पुन्हा एकेक काडी रोवायची. रोवणी नेमकी आषाढात येते. पवनीहून पंढरपूर सातशे किलोमीटरच्या घरात. पायी गेलेला माणूस महिना-सव्वा महिना घरी नाही. म्हणजे धानाच्या मुलखातला वारकरी घरातून निघतो तो ऐन कामाच्या वेळी.

मग शंभर वर्षे ही दिंडी चालली कशी?

चालली ती मागे राहिलेल्यांच्या जिवावर. वारीला गेलेल्याची बांधी भावकीने रोवली, शेजाऱ्याने चिखल करून दिला. आणि रोवणीच्या बाया! कमरेत वाकून, डोक्यावर मोरा घेऊन, दिवसभर गुडघाभर चिखलात. त्यांच्या तोंडी गाणे, पाठीवर पाऊस. आमची आजी कधी पंढरपूरला पायी गेली नाही. आजा एकवीस वेळा गेला. तो परत आला, की ती त्याच्या पायांवर पाणी घालायची आणि विचारायची, 'भेटला का जी?' तो म्हणायचा, 'भेटला.' मग ती म्हणायची, 'बांधी रोवून झाली.' मला आता वाटते, दोघांचीही वारी त्या एकाच वाक्यात पुरी होत होती. दिंडीच्या वह्यांत चालणाऱ्यांची नावे आहेत. रोवणाऱ्यांची नाहीत. विसमितेचे नाव दोन हजार वर्षे दगडावर राहिले, आणि आमच्या आजीचे शंभर वर्षांच्या वहीत नाही, हे या अंकाच्या निमित्ताने मला सांगायलाच हवे.

म्हणून लोकसंख्येचा प्रश्न नुसता सरकारी मोजणीचा नाही. गावात हात किती उरले, यावर दिंडी किती चालणार ते ठरते. आज मजूर मिळत नाही म्हणून रोवणीऐवजी आवत्या टाकणारे वाढले. तरुण वारकरी रजा बघून शेवटच्या दोन दिवसांपुरते गाडीने वाखरीला येतात. मी त्यांना दोष देत नाही. येतात हेच मोठे. पण वीणा महिनाभर अखंड खांद्यावर ठेवायची तर गावात माणूस लागतो.

धरण आणि पाणी

पवनीच्या वर काही किलोमीटरवर गोसीखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. तेव्हाचा अंदाज पावणेचारशे कोटींच्या आतला होता, पुढे तो किती पटींनी गेला ते वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचले आहे. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अकरा किलोमीटरहून लांब बांध, तेहतीस दरवाजे, भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे उद्दिष्ट. कालव्याचे पाणी जिथे पोचले तिथे उन्हाळी धानही होऊ लागले, हे खरे. ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्यांचे घर, बोडी, आखर, हनुमानाचा पार सगळे गेले, हेही खरे. त्यांतली काही कुटुंबे आज आपल्या दिंडीत चालतात. वारीत 'गाव कुठले?' असा प्रश्न आला की ती माणसे क्षणभर थांबतात. जुने गाव सांगावे की पुनर्वसनाचे? त्यांच्यासाठी गावाचा इतिहास म्हणजे पाण्याखालचा पत्ता आहे.

खालच्या काठाला दुसरी भीती. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या पावसाने वैनगंगा फुगली, धरणाचे तेहतीसच्या तेहतीस दरवाजे उघडावे लागले. पवनी-लाखांदूरच्या काठच्या गावांत रातोरात पाणी शिरले. 'पानी आला गा, उठा', एवढीच दवंडी. हाती आलेले धान गेले, गुरे गेली. टाळेबंदीचे दिवस होते, त्या वर्षी वारीही झाली नव्हती.

तिसरी गोष्ट पाण्याच्या प्रतीची. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला येते. ते धरणात साचते, तिथून आपल्या घाटावर. ज्या पायऱ्यांवर आपले वाडवडील एकादशीला बुडी मारून ओल्या अंगाने भजनाला उभे राहिले, तिथे आज पाण्याचा रंग बघून पाय मागे येतो. चंद्रभागेचे काय झाले ते आपण दरवर्षी पाहतोच. दोन्ही टोकांना नदीच आहे, पवनीला एक, पंढरपूरला एक. निघतानाचे स्नान आणि पोचल्यावरचे स्नान. या दोन्हींच्या मधली सातशे किलोमीटरची वाट आपण पवित्र मानतो, मग या दोन टोकांकडे डोळेझाक कशी चालेल?

पुढे

इतिहास लिहिताना शेवटी उपदेश करायचा नसतो, हे मला माहीत आहे. पण दिंडीच्या अंकात लिहितो आहे, तेव्हा दोन-तीन गोष्टी हक्काने मागतो.

पहिली, दिंडीच्या वहीत यंदापासून मागे राहून घर नि शेत सांभाळणाऱ्यांचीही नावे लिहावीत. चालणाऱ्याच्या नावापुढे, त्याच ओळीत.

दुसरी, ज्यांच्याकडे जुना माग आहे, जुनी पत्रे आहेत, बुडालेल्या गावाचा एखादा फोटो आहे, त्यांनी तो दिंडीच्या मठीत आणून दाखवावा. कोणाचे काही काढून घ्यायचे नाही. नक्कल करून परत द्यायची. टेकडीच्या पोटातले कळायला दोन हजार वर्षे लागली. आपल्या आजा-आजीचे कळायला तेवढी लावू नयेत.

तिसरी, वर्षातून निदान चार एकादशांना दिंडीने घाटावर जावे, पण नुसत्या भजनाला नव्हे. हातात झाडू नि टोपली घेऊन. आणि पाण्याबाबत जिथे अर्ज द्यायचा तिथे शंभर वर्षांच्या दिंडीच्या नावाने द्यावा. एकट्या माणसाचा अर्ज फायलीत राहतो. दिंडीचा अर्ज घेऊन शंभर माणसे टाळ वाजवत गेली तर तो कोणाला तरी वाचावा लागेल.

बाहेरगावी असलेल्या आपल्या लेकरांना एवढेच सांगणे : परकोटाचा दरवाजा आता बंद होत नाही. पुढच्या आषाढीला वाखरीला भेटूच, पण जमले तर त्याआधी एकदा रोवणीला या. दोन दिवस का होईना, चिखलात उभे राहा. कोणाची तरी बांधी रोवून द्या. तो माणूस तुमच्या वाटचे पंढरपूर चालून येईल.

रामकृष्ण हरी.